शून्य अंशाची रेषा

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की रिक्षावाला आणखी काही न विचारता मनोऱ्याच्या एका जुन्या इमारतीपाशी नेऊन सोडतो. चौकाला तेच नाव, बसथांब्यालाही तेच. इमारत भारतीय हवामान विभागाची आहे. हे खातं १८७५ साली सुरू झालं, त्याचं मुख्यालय आधी कोलकात्याला, मग शिमल्याला होतं आणि १९२८ मध्ये ते शिमल्याहून पुण्यात आलं. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, तरी शिमल्याहून आलेलं ऑफिस म्हणून पुणेकरांच्या तोंडी बसलेलं नाव काही गेलं नाही.

हवामान खात्याचं हिमालयाशी असलेलं नातं मात्र पत्त्यापुरतं कधीच नव्हतं. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८०च्या दशकात हिमालयात हिवाळाभर पडलेल्या बर्फावरून पुढच्या पावसाळ्याचा अंदाज बांधायला सुरुवात केली. बर्फ जास्त पडला आणि उशिरापर्यंत टिकला तर मोसमी पाऊस उणा राहतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. भारतातल्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजांचा उगम हा असा बर्फात आहे.

पण पडलेला बर्फ पाहून पुढचं सांगणं वेगळं आणि उद्या पहाटे कोणत्या खोऱ्यात, कोणत्या उंचीवर किती बर्फ पडेल हे सांगणं वेगळं. दुसरं काम फारच अवघड निघालं. सपाट मुलखात हवामानाचा अंदाज पन्नास किलोमीटरने चुकला तरी फारसं बिघडत नाही. पर्वतात पन्नास किलोमीटरच्या अंतरात चिंब पाऊस, गुडघाभर बर्फ आणि कोरडं निळं आकाश असं तिन्ही सापडू शकतं. नाताळच्या सुट्टीत मनालीची गाडी पकडणारी मराठी कुटुंबं, हिवाळी ट्रेकला जाणारी मुलं, सियाचीनपासून उत्तराखंडपर्यंत तैनात असलेले आपले जवान आणि घरी त्यांच्या फोनची वाट पाहणारी माणसं, या सगळ्यांचा संबंध या अवघड कामाशी येतो. म्हणून ते कसं चालतं हे जरा नीट समजून घ्यायला हवं.

पश्चिम हिमालयातला हिवाळी बर्फ ढगांतून पडतो, पण ते ढग येतात फार लांबून. भूमध्य समुद्र, काळा समुद्र, कॅस्पियन समुद्र या पट्ट्यात कमी दाबाची वादळं तयार होतात. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा झोत त्यांना इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून भारतात आणतो. आपल्याकडे त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. हिंदी बातम्यांत ‘पश्चिमी विक्षोभ’ ऐकू येतो तो हाच. डिसेंबर ते मार्च या काळात महिन्याला सरासरी चार ते सहा झंझावात येतात. काही नुसते ढग दाखवून जातात, काही तीन-तीन दिवस मुक्काम ठोकतात. वाटेत अरबी समुद्रावरचं बाष्प मिळालं, तर त्यांचा जोर एकदम वाढतो.

महाराष्ट्रालाही हे पाहुणे अनोळखी नाहीत. झंझावात उत्तरेतून पुढे सरकला की त्याच्या मागून थंड कोरडे वारे दक्षिणेकडे धावतात. निफाडचा पारा तळाला जातो, द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्राला झोडपून काढणाऱ्या गारपिटीच्या मागेही पश्चिमेकडून आलेले हेच वारे आणि आपल्या दोन्ही समुद्रांवरून आलेलं बाष्प यांची गाठ होती.

झंझावात येतो आहे, हे आज चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. इन्सॅट उपग्रहांना तो अफगाणिस्तानावर असतानाच दिसतो. संगणकावरची प्रारूपं त्याचा मार्ग काढतात. काश्मीरमधल्या जुन्या माणसांना तर उपग्रहाचीही गरज नसते. तिथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’ म्हणजे थंडीचा कडक काळ मानतात, मग वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. या काळात आकाश निरभ्र असेल तर रात्री जमीन आपली सगळी ऊब आकाशात सोडून देते, दल सरोवराच्या कडा गोठतात, नळ फुटतात. आणि एखाद्या रात्री थंडी अचानक सौम्य वाटली, की समजावं ढगांचं पांघरूण आलं, आता बर्फ जवळ आहे. रात्रीचं किमान तापमान वाढणं ही तिथे बर्फाची चाहूल. सपाट मुलखातल्या माणसाला हे उलटं वाटतं, पण त्यामागचं शास्त्र पक्कं आहे.

खरी अडचण पुढे सुरू होते. झंझावात येणार हे कळलं, पाणी पडणार हेही कळलं. ते कोणत्या रूपात पडणार?

उंच ढगात जवळजवळ नेहमीच बर्फच तयार होतो, अगदी उन्हाळी वळवाच्या ढगातसुद्धा. तो खाली येताना उबदार हवेत शिरला की वितळून पाऊस होतो. म्हणजे पाऊस की बर्फ, हा प्रश्न ढगाचा नसून ढग आणि जमीन यांच्यामधल्या हवेचा आहे. वर जाताना दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. तापमान शून्यावर येतं त्या उंचीची एक अदृश्य रेषा पर्वताच्या अंगावर आखलेली असते. तिच्या बरंच वर बर्फ, बरंच खाली पाऊस आणि मधल्या काहीशे मीटरच्या पट्ट्यात दोन्हींची खिचडी. एका अंशाची चूक झाली तर ही रेषा सुमारे दीडशे मीटर वर किंवा खाली सरकते. दीडशे मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण बियास नदीच्या खोऱ्यात कुलू सुमारे १,२०० मीटरवर आहे, मनाली २,०५० वर आणि सोलंग आणखी चार-साडेचारशे मीटर वर. एकाच दुपारी कुलूत पाऊस, मनालीत छत्रीला चिकटणारा ओला बर्फ आणि सोलंगला पिठासारखा कोरडा बर्फ, हे तिथल्या माणसांना नवं नाही. मनालीत हॉटेल घेतलेल्या प्रवाशाला बर्फ मिळणार की नुसता चिखल, हे त्या एका अंशावर ठरतं.

ती रेषा एका जागी उभी राहिली असती तरी काम सोपं झालं असतं. पण ती हलते, आणि कधी कधी ती हलवण्याचं काम पडणारं पाणीच करतं. माठातलं पाणी बाष्पीभवनाने गार होतं, तेच तत्त्व इथेही लागू पडतं. हवा कोरडी असेल तर पडणाऱ्या थेंबांचं आणि हिमकणांचं थोडं बाष्पीभवन होतं, हवा गार होते, आणि तापमापक दोन-तीन अंश दाखवत असतानाही बर्फ टिकून खाली पोचतो. शिवाय बर्फ वितळताना आजूबाजूच्या हवेतली उष्णता खेचून घेतो. अरुंद खोऱ्यात तासन्‌तास जोराचा वर्षाव चालू राहिला, तर कोंडलेली हवा हळूहळू शून्याकडे घसरते आणि संध्याकाळी पावसाने भिजलेलं गाव सकाळी पांढरं होऊन उठतं. उलटही घडतं. झंझावाताच्या पुढच्या बाजूला दक्षिणेकडून उबदार वारा येतो आणि रेषा वर ढकलली जाते. सकाळी पडलेल्या बर्फावर दुपारी पाऊस कोसळतो. बर्फाच्या थरात मुरलेलं पाणी त्याचं वजन वाढवतं, आतल्या कणांची पकड सैल करतं, आणि डोंगर घसरायला तयार होतो.

ही रेषा शोधण्यासाठी हवामान विभागाचे फुगे रोज पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेप्रमाणे आकाशात जातात. फुग्याला टांगलेलं छोटं यंत्र वर जाता जाता तापमान, दमटपणा आणि दाब कळवत राहतं. जगभर हीच वेळ पाळली जाते, म्हणजे सगळीकडचं चित्र एकाच क्षणाचं मिळतं. पण फुगा एका जागेवरून सुटतो आणि पर्वतात शेजारच्या खोऱ्याची हवा वेगळी असू शकते.

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. पावसाळ्यात महाबळेश्वरला धो धो पाऊस कोसळतो, थोड्याच अंतरावर पाचगणीला तो निम्म्याहून कमी होतो आणि पसरणी घाट उतरून वाईला आलं की शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला दिसतो. घाटमाथ्यावर चढताना हवा गार होते, बाष्प सांडते. पलीकडे उतरताना तिच्याकडे सांडायला काही उरत नाही. हिमालयात हाच खेळ चौपट उंचीवर आणि एकामागे एक उभ्या असलेल्या रांगांवर चालतो. धौलाधार, पीर पंजाल, मग मुख्य हिमालय, मग झांस्कर. पहिली रांग सगळ्यांत जास्त घेते, पुढच्या रांगांना उरलंसुरलं मिळतं. लडाखमधलं लेह उंच आहे, कडाक्याचं थंड आहे, तरी तिथे बर्फ कमी पडतो तो यामुळे.

पीर पंजालच्या पोटातून जाणारा अटल बोगदा हे या खेळाचं सर्वांत सोपं प्रात्यक्षिक आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो खुला झाला. लांबी ९.०२ किलोमीटर. मनालीकडचं तोंड ३,०६० मीटरवर, लाहौलकडचं ३,०७१ मीटरवर, म्हणजे दोन्ही टोकांच्या उंचीत अकरा मीटरचा फरक. मध्ये डोक्यावर जवळजवळ ४,००० मीटरची रोहतांगची खिंड. अलीकडे धुकं आणि गच्च ढग असताना गाडी आत शिरते आणि दहा-पंधरा मिनिटांनी पलीकडे ऊन पडलेलं असतं, कधी याच्या उलट. आता यात संगणकाची बाजू पाहा. प्रारूप म्हणजे पृथ्वीवर टाकलेली चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनासाठी तापमान, वारा, बाष्प यांची गणितं सोडवली जातात. परवापरवापर्यंत आपलं मुख्य जागतिक प्रारूप १२ किलोमीटरच्या चौकोनांचं होतं. म्हणजे अख्खा अटल बोगदा, त्याची दोन्ही तोंडं, रोहतांग खिंड, सगळं एका चौकोनात मावत होतं! त्या चौकोनाला एकच सरासरी उंची आणि एकच तापमान. डोंगराचे सुळके कापले जात, दऱ्या भरून काढल्या जात, आणि संगणकाला दिसणारा हिमालय खऱ्या हिमालयापेक्षा खूपच गुळगुळीत असे.

ही जाळी बारीक करण्याचं मोठं काम पुण्यात झालं आहे. पाषाणच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये देशासाठी खुली झाली. तिचे चौकोन ६ किलोमीटरचे आहेत आणि गणितं चालतात ती ‘अर्क’ नावाच्या महासंगणकावर. एका चौकोनाच्या जागी चार चौकोन झाले, हे मोठंच पाऊल आहे. तरी हिमालयातल्या कित्येक दऱ्या सहा किलोमीटरपेक्षा अरुंद आहेत, हे विसरता येत नाही. म्हणून संगणकाचा आकडा हातात आला की त्या खोऱ्याचा स्वभाव ओळखणारा अनुभवी माणूस त्यात दुरुस्ती करतो. कोणत्या दिशेचा वारा आला की कोणतं गाव भरतं, हे ज्ञान प्रारूपात अजून पुरतं उतरलेलं नाही.

रडारची गोष्टही अशीच. रडारचा किरण सरळ जातो आणि डोंगर मध्ये आला की थांबतो. सपाटीवर एक मोठं रडार अनेक जिल्हे सांभाळतं. पर्वतात डोंगरमाथ्यांवर छोटी छोटी अनेक रडारं बसवावी लागतात. गेल्या काही वर्षांत शिमल्याजवळ कुफ्री, उत्तराखंडात मुक्तेश्वर आणि सुरकंडा देवी, हिमाचलात जोत आणि मुरारी देवी, जम्मू-काश्मिरात बनिहाल टॉप आणि लडाखमध्ये लेह इथे ती उभी राहिली. यामुळे पुढच्या दोन-तीन तासांचा अंदाज खूपच सुधारला आहे. सामान्य प्रवाशाला या यंत्रांची नावं माहीत असायचं कारण नाही, पण रस्ता बंद करण्याचा निर्णय वेळेत होतो तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा यांतलं एखादं यंत्र असतं.

बर्फ पडला, मोजला, बातमी झाली. एवढ्यावर अंदाजाचं काम संपलं असं वाटतं, आणि नेमकी इथेच अनेकांची फसगत होते. कारण पडलेला बर्फ स्वस्थ बसत नाही. वारा त्याला पुन्हा उचलतो.

ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचा वारा सुटला की कोरडा, सुटा बर्फ जमिनीलगत वाहू लागतो. वाऱ्याकडचा उतार खरवडून निघतो आणि धारेच्या पलीकडे, आडोशाच्या उतारावर तो सगळा माल जाऊन साचतो. आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या कित्येक पट वेगाने तिथे थर चढू शकतो. म्हणजे बर्फ थांबलेला आहे, ऊन आहे, आणि तरीही एका विशिष्ट उतारावर तासाला काही सेंटीमीटर भर पडते आहे! वाऱ्याने कुटून बसवलेला हा थर फरशीसारखा घट्ट असतो. त्याच्याखाली जुना, साखरेसारखा भुसभुशीत थर असला, तर ती फरशी तिरक्या पाटावर ठेवल्यासारखी होते. उताराचा कोन तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल तर एका माणसाच्या वजनानेही ती तडकू शकते. धारेवर तर बर्फाचे सज्जे पुढे आलेले असतात; वरून चालणाऱ्याला वाटतं पायाखाली डोंगर आहे, प्रत्यक्षात खाली पोकळी असते.

हाच वारा मोजणाऱ्यांनाही चकवतो. बर्फ मापायच्या पात्रावरून हिमकण उडून जातात, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात बराचसा बर्फ नोंदीत येतच नाही. डोंगरधारेवर वाऱ्याचा वेग किती आणि दिशा कोणती, हे कळल्याशिवाय नुसता ‘तीस सेंटीमीटर बर्फ’ हा आकडा अर्धवट असतो. आणि तीस सेंटीमीटर म्हणजे तरी किती? कोरड्या ताज्या बर्फाचा फूटभर थर एका चौरस मीटरवर पंचवीस-तीस किलोचा भार टाकतो. तोच ओलाचिंब असेल तर सत्तर ते नव्वद किलो. ३ नोव्हेंबर २०१८ रोजी काश्मीर खोऱ्यात ऋतूच्या फार आधी असा जड बर्फ पडला. सफरचंदाच्या झाडांवर पानं होती, काही बागांत फळंही. पानांनी बर्फ धरून ठेवला आणि वर्षानुवर्षं वाढवलेली झाडं खोडापासून दुभंगली. पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर २०१९ला, पुन्हा तेच झालं. जानेवारीत तेवढाच बर्फ पडला असता तर निष्पर्ण फांद्यांमधून तो सरळ खाली गेला असता.

हिमस्खलनाचा अंदाज हे म्हणूनच वेगळं शास्त्र आहे. संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओने, १९६९ मध्ये मनालीला हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था काढली; ‘सासे’ या नावाने ती लष्करात सर्वांना ठाऊक होती. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन तिची ‘डीजीआरई’ झाली, मुख्यालय चंडीगढला. तिथले लोक बर्फात खड्डा खणून एकेक थर तपासतात, कणांचा आकार, घट्टपणा, तापमान नोंदतात, आणि जिल्हावार इशारे देतात. आभाळ काय करील हे हवामान विभाग सांगतो. पडलेला बर्फ काय करील हे ही मंडळी सांगतात.

२७ फेब्रुवारी २०२५च्या संध्याकाळी त्यांनी असाच इशारा दिला होता. चमोली, उत्तरकाशी, रुद्रप्रयाग, पिथौरागढ आणि बागेश्वर जिल्ह्यांतल्या २,४०० मीटरपेक्षा उंच भागांसाठी, पुढच्या चोवीस तासांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या तळावर बर्फाचा लोट कोसळला. ५४ कामगार होते, लोखंडी कंटेनरांत झोपलेले. लष्कर आणि बचाव पथकांनी ४६ जणांना जिवंत बाहेर काढलं. आठ जण गेले. इशारा चूक नव्हता, उशिराचाही नव्हता. पण पाच जिल्ह्यांच्या उंच भागाला दिलेला इशारा आणि ‘या नाल्याखालचा हा तळ आज रात्री रिकामा करा’ हा आदेश यांच्यात फार मोठं अंतर आहे. ते अंतर कमी करणं हे आज या शास्त्रापुढचं आणि प्रशासनापुढचं सर्वांत निकडीचं काम आहे, असं ठामपणे म्हणावं लागतं.

सियाचीनच्या कहाण्या महाराष्ट्राला जास्त जवळून ठाऊक आहेत. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हनमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. ते शेजारच्या कर्नाटकातले. त्या दहांत आपल्या सातारा जिल्ह्यातलाही एक जवान होता.

इशारा असूनही माणसं कशी सापडतात, याचं याहून साधं आणि म्हणून जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणाचं आहे. ७ आणि ८ जानेवारी २०२२ची रात्र. जोरदार बर्फवृष्टीची सूचना तिथल्या हवामान खात्याने आधीच दिली होती. पण बर्फ पाहायला म्हणूनच लोक निघाले होते. सूचना त्यांना आमंत्रणासारखी वाटली. हजारो गाड्या रस्त्यात अडकल्या. थंडीमुळे लोकांनी काचा लावून इंजिन चालू ठेवलं, बर्फाने गाड्यांच्या मागच्या धुराच्या नळ्या बुजल्या आणि विषारी वायू आत भरला. वीसहून अधिक माणसं गेली, लेकरांसकट कुटुंबंच्या कुटुंबं. मरी एव्हरेस्टच्या वाटेवर नाही. उंचीने ते शिमल्याच्या जवळपास आहे. मनालीच्या वर, सोलंग आणि अटल बोगदा यांच्यामधल्या रस्त्यावर डिसेंबर २०२४मध्ये सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या, हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट परकी वाटत नाही. मनालीत पोलिसांनी राबून लोकांना बाहेर काढलं.

कधी संकट भलत्याच दिशेने येतं. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. किनाऱ्यासाठीचा अंदाज अचूक होता, लाखो लोक आधीच हलवले गेले. वादळाचं उरलेलं बाष्प मात्र उत्तरेकडे सरकत राहिलं, पश्चिमेकडून आलेल्या थंड हवेशी त्याची गाठ पडली आणि १४ तारखेला नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिसरातल्या ५,४१६ मीटर उंच थोरोंग ला खिंडीवर हिमवादळ झालं. ऑक्टोबर म्हणजे ट्रेकिंगचा उत्तम महिना. वाट माणसांनी भरलेली होती. चाळीसहून अधिक लोक मरण पावले. बंगालच्या उपसागरातल्या वादळाची बातमी जगभर होती, पण त्या वाटेवरच्या चहाच्या दुकानांपर्यंत ती इशारा बनून पोचली नाही.

आता हिवाळ्याचं वेळापत्रकच ढिलं पडू लागलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे स्कीइंगचे उतार तपकिरी, उघडे पडले होते. बर्फ आला तो महिना संपता संपता आणि फेब्रुवारीत. तो आला तसा धोकाही घेऊन आला, त्याच महिन्यात तिथे हिमस्खलनात एक परदेशी स्कीपटू दगावला. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. ब्रिटनच्या रीडिंग विद्यापीठातले किरन हंट यांनी झंझावातांच्या गेल्या सत्तर वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हिवाळा सरल्यानंतर, अगदी मोसमी पाऊस सुरू होईपर्यंत येणाऱ्या झंझावातांचं प्रमाण वाढल्याचं त्यांना आढळलं. उशिरा पडणारा बर्फ टिकत नाही. हवा उबदार असल्याने शून्याची रेषा आधीच उंच असते, बर्फाऐवजी पाऊस पडतो. शेतीला, नद्यांना हवा तो साठा डोंगरावर जमतच नाही आणि जुन्या नोंदींवर बेतलेला अंदाजकर्त्याचा अनुभवही थोडा थोडा कालबाह्य होतो.

मोबाइलवर दिसणाऱ्या बर्फाच्या चिन्हाकडे या सगळ्यानंतर वेगळ्या नजरेने पाहायला हवं. ते चिन्ह एका चौकोनाच्या सरासरीचं आहे. तुम्ही जिथे जाणार आहात ती जागा किती उंचीवर आहे, शून्याची रेषा त्या दिवशी कुठे आहे, वरच्या धारेवर वारा किती आहे, हे त्या चिन्हात नाही. हवामान विभागाच्या पत्रकात त्यातलं बरंच काही असतं. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. आणि इशारा पर्यटनाच्या जाहिरातीसारखा वाचायचा नसतो.

विशेष जपायचं ते झंझावात निघून गेल्यावर. आकाश धुतल्यासारखं निळं होतं, फोटो सुंदर येतात, आणि ताज्या बर्फाचा थर खालच्या थराशी अजून जुळलेला नसतो. पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास उतारांवर सर्वाधिक धोक्याचे असतात. सहल कंपन्यांनी आणि ट्रेकिंग संस्थांनी कार्यक्रमात असे दोन दिवस मोकळे ठेवायलाच हवेत, आणि आपणही त्या दोन दिवसांचे पैसे भरायची तयारी ठेवायला हवी. गाडी बर्फात अडकलीच तर इंजिन सलग चालू ठेवू नका, मागची धुराची नळी हाताने मोकळी करत राहा, वाऱ्याच्या आडोशाची एक काच थोडी उघडी ठेवा. स्थानिक चालक ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका.

शिमला, श्रीनगर आणि देहरादून इथली हवामान केंद्रं आपापल्या जिल्ह्यांचे इशारे रोज देतात, आणि ते विनामूल्य वाचता येतात. घर सोडण्याआधी एकदा आणि तिथे हॉटेलातून निघताना रोज सकाळी एकदा, एवढे ते वाचा.